पंचगंगा किती फुटांवर?

(पहाट. कोल्हापुरात पंचगंगा नदीवरचा राजाराम बंधारा. पाण्यात उभी मोजपट्टी.)

जुलै-ऑगस्टात कोल्हापूरकर उठला की चहाच्या आधी विचारतो, "पाणी किती फुटांवर?" राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ.

(शाळेचा संगणक कक्ष. नववीचा वर्ग.)

म्हणून आज फळ्यावर 'संगणकाचे भाग' नाहीत, हे दोनच आकडे आहेत. पातळी टाकली की संगणकानं 'सुरक्षित', 'इशारा' किंवा 'धोका' सांगायचं. भाषा पायथन. जेमतेम सहा ओळींचं काम. ३० टाकलं, 'सुरक्षित'. ४५ टाकलं, 'धोका'. वर्गात टाळ्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीचा आवाज येतो, "ओ सर, पण बरोबर त्रेचाळीस आलं तर?"

टाकून बघतात. पडद्यावर येतं 'इशारा'. पाणी धोका पातळीला टेकलंय आणि प्रोग्राम निवांत! मुलांनी '४३ पेक्षा जास्त' लिहिलं होतं. '४३ किंवा त्याहून जास्त' लिहायला हवं होतं. एक बरोबरचं चिन्ह राहून गेलं, बास.

त्या मुलीनं जे विचारलं, त्यासाठी सॉफ्टवेअर कंपन्या पगार देतात. त्या कामाला टेस्टिंग म्हणतात. ज्याला दुसऱ्याच्या कामात खोट काढायची खोड आहे, त्यानं या वाटेचा विचार जरूर करावा.

(राधानगरी धरण. उघडलेला दरवाजा, फेसाळतं पाणी.)

'जर असं, तर तसं' ही अट काही संगणकानं आणलेली नाही. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे बघा. पाणी ठरल्या पातळीला आलं की त्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो. कुणी बटण दाबत नाही, वीज लागत नाही. प्रोग्रामच तो, फक्त लोखंडात लिहिलेला.

(कोल्हापुरातलं कारखान्यांचं शिवाजी उद्यमनगर. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनचा आवाज.)

आयटी म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याचं हिंजवडीच येतं. पण उद्यमनगरात सीएनसीवर उभा असलेला हा पोरगा काय टाईप करतोय? 'जी झिरो वन', म्हणजे टूल सरळ रेषेत, ठरल्या वेगानं कापत ने. आकड्यातला एक पॉइंट चुकला तर टूल जाऊन जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर आदळतं. ऑफिसातल्या प्रोग्रामरची चूक पडद्यावर दिसते, याची चूक अख्ख्या शेडला ऐकू येते.

(गावातली दूध संस्था. रांगेत किटल्या.)

इथं दुधाचं माप, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) मशीनवर येतं, दर निघतो आणि चिठ्ठी बाहेर पडते. दहा दिवसांचं बिल याच नोंदींवर. या नोंदी नीट साठवणं म्हणजे डेटाबेस. त्यात कुणी गुपचूप आकडा फिरवू नये याची राखण करणं म्हणजे सायबर सुरक्षा. आणि कुठल्या महिन्यात कुणाच्या म्हशीचं दूध का घटलं हे नोंदींतून हुडकणं म्हणजे डेटा ॲनालिसिस.

शिकायच्या वाटा सरळ आहेत. दहावीनंतर आयटीआयचा 'कोपा', म्हणजे संगणक ऑपरेटर-प्रोग्रामिंगचा कोर्स, किंवा पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा; डिप्लोमावाल्यांना इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर बीएस्सी, किंवा सीईटी देऊन बीसीए नाहीतर इंजिनीअरिंग. एमएस-सीआयटी सुट्टीत होऊन जातं. मात्र प्रमाणपत्र फाईलला लावलं म्हणजे संगणक आला, असं समजणारे घरोघरी आहेत.

(पुन्हा वर्ग. चिन्ह दुरुस्त झालंय, पडद्यावर 'धोका'.)

सर खडू ठेवतात. तास संपत आलाय. मागच्या बाकावर हात पुन्हा वर.

"सर, रात्रीची लाईट गेली आणि आकडाच आला नाही तर?"

प्रोग्रामला रिकामी जागा दिली. पडद्यावर लाल अक्षरं, प्रोग्राम बंद. घंटा वाजते. कुणी उठत नाही.