गवतासमोर थांबलेली कुत्री

(दृश्य: सासवडहून जेजुरीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा माळ. भाद्रपदातील सकाळ. गवतावर दव आहे.)

बाजरीच्या शेताच्या बांधावरून पॉइंटर जातीची एक कुत्री चालली आहे. तिच्या पट्ट्याला लांब दोरी बांधली आहे आणि दोरीचे दुसरे टोक पुण्यातील एका निवृत्त शिक्षकांच्या हातात आहे. वारा समोरून येतो आहे. चालता चालता तिची मान एकाएकी डावीकडे वळते, उचललेला पाय तसाच अधांतरी राहतो, शेपटी ताठ होते आणि दोरीला एवढा वेळ जाणवणारी ओढ नाहीशी होते. समोर गुडघाभर उंचीचे कुसळी गवत आहे. त्यात आपल्याला काहीही दिसत नाही.

त्या गवतात लावा बसला आहे. मुठीत मावेल एवढा, मातीच्या आणि वाळल्या काडीच्या रंगाचा हा पक्षी पुण्याच्या पूर्वेकडील माळांवर अनेक रूपांत आढळतो. पावसाच्या सुमारास शीळ घालणारा पावसाळी लावा, झुडपांच्या आडोशाने थव्याने राहणारा रानलावा आणि खडकाळ, उघड्या जमिनीवरचा दगडी लावा हे त्यांपैकी काही होत. दुर्लाव दिसायला यांच्यासारखाच असला तरी तो वेगळ्या कुळातला आहे. त्याच्या पायाला मागचे बोट नसते, मादी नरापेक्षा मोठी आणि अधिक ठळक रंगाची असते, आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो.

संकटाची चाहूल लागली की लावा सहसा जागचा हालत नाही. पाय अगदी जवळ येईपर्यंत तो जमिनीला चिकटून बसतो आणि शेवटच्या क्षणी भुर्रकन उडतो. रानलाव्यांचा थवा तर एकाच वेळी सर्व दिशांना फुटतो, आणि पांगलेले पक्षी नंतर एकमेकांना साद घालून पुन्हा गोळा होतात. पॉइंटरचे सारे कौशल्य लाव्याच्या या बसून राहण्यावर उभे आहे. राखी तित्तर धोका दिसताच गवतातून पळत सुटतो, त्यामुळे त्याच्या मागावर असलेल्या श्वानाला पुन्हा पुन्हा जागा बदलावी लागते. लावा मात्र थांबतो, म्हणून श्वानालाही थांबता येते. लांडगा झडप घालण्यापूर्वी क्षणभर थबकतो. ते थबकणे माणसाने अनेक पिढ्यांच्या निवडीतून लांबवले आणि त्यातून वाऱ्यावर आलेल्या गंधावरच खिळून राहणारे हे श्वान घडले. त्याला शिकवावे लागते ते एवढेच, की पुढचे पाऊल माणसाच्या सांगण्यावाचून टाकायचे नाही.

बंदूक या कलेत उशिरा आली. युरोपात सेटर जातीचे श्वान पक्ष्यांसमोर पोट टेकून बसत असे आणि शिकारी त्याच्यावरून पुढे जाळे टाकत. आपल्याकडे फासेपारध्यांनी हेच काम श्वानाविना केले. गवतातील वाटांवर फाशांची माळ मांडणे, बैलाच्या आडून हळूहळू पुढे सरकणे आणि पक्ष्याच्या सादेची हुबेहूब नक्कल करणे हे त्यांचे ज्ञान होते. ज्या समाजाला ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्याच समाजाला लाव्याची रोजची वाट सर्वांत नेमकी ठाऊक होती, हे आम्हाला नोंदवावेसे वाटते.

(दृश्य: माळाचा विस्तीर्ण पट. दूरवर मेंढ्यांचा कळप.)

शास्त्रीय ग्रंथांतही या माळाचे नाव आहे. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी पुणे आणि परिसरात फिरून दख्खनच्या पक्ष्यांची जी यादी १८३२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली, तीत दगडी लावा आणि लाल चोचीचा रंगीत लावा या दोघांचे पहिले शास्त्रीय वर्णन आले. त्याच्या आदल्या वर्षी याच साइक्स यांनी इथल्या लांडग्याचेही वर्णन केले होते. लांडगा आणि लावा यांची जोडी मात्र त्याहून फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अश्विनीकुमार वर्तिकेला लांडग्याच्या जबड्यातून सोडवतात, आणि ही वर्तिका म्हणजे लावा पक्षी असे मानले जाते.

आज भारतात लाव्याची शिकार करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी काही पक्ष्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती; १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. या कायद्यातील शिकारीची व्याख्या बरीच विस्तृत आहे. पकडणे, फासे लावणे, हाकून बाहेर काढणे आणि घरटी वा अंडी नष्ट करणे हेही तिच्यात येते. त्यामुळे आपला कुत्रा हौसेने माळावर मोकळा सोडून पक्षी उठवणाऱ्याने बंदूक हाती घेतली नाही म्हणून तो निर्दोष ठरत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत पावसाळी लाव्याची अंडी जमिनीवरच्या उथळ खळग्यात असतात, आणि मोकळा सुटलेला कुत्रा त्यांच्यावरून गेला तर मालकाला ते कळतही नाही.

तरीही या श्वानाची विद्या बंदुकीबरोबर संपावी, असे आम्हाला वाटत नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ग्रँड जंक्शन या गावाशी जोडलेल्या, १८९६ पासूनच्या राष्ट्रीय स्पर्धेत पॉइंटर आणि सेटर बॉबव्हाइट या तिथल्या लाव्यांचा माग काढतात. तिथे बंदुकीचा बार केवळ आवाजासाठी काढला जातो. नॉर्वेत रानकोंबड्यांच्या कुळातील पक्ष्यांची गणना करण्यासाठी अशाच श्वानांचे साहाय्य घेतात. न्यूझीलंडमध्ये १८९० च्या दशकात रिचर्ड हेन्री यांनी तोंडाला मुसके बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने काकापो (न उडणारा पोपट) आणि किवी हे पक्षी शोधून त्यांना सुरक्षित बेटावर हलवले होते. पक्षी न उठवता तो कुठे आहे हे सांगणारे नाक आपल्या माळांच्या अभ्यासालाही उपयोगी पडेल. अर्थात ते वनविभागाच्या परवानगीने, प्रशिक्षित हातात आणि विणीचा हंगाम टाळूनच वापरले गेले पाहिजे.

मात्र त्यासाठी गवत राहिले पाहिजे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ५ चौरस किलोमीटर आहे, आणि लाव्याचा बहुतेक संसार त्याबाहेर, गायरानावर आणि शेतांच्या बांधांवर चालतो. सरकारी कागदांवर ही जमीन अनेकदा पडीक ठरते. मग तिथे चर खणून रोपे लावली जातात, भूखंड पाडले जातात, किंवा पुण्याच्या टेकड्यांवर झाले तसे गिरिपुष्पाचे दाट रान उभे राहते. लावणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण सावली दाटली की कुसळी आणि पवन्या ही गवते मागे हटतात आणि लाव्याला बसायला जागा उरत नाही.

(दृश्य: पुन्हा तीच कुत्री. ती अजून हललेली नाही.)

पाच मिनिटे होत आली आहेत. शिक्षक दोरी हातात गुंडाळत तिच्याजवळ जातात, तिच्या पाठीवर हात ठेवतात आणि हलक्या आवाजात म्हणतात, “बास, बाळा. चल मागं.” ती एकदा गवताकडे पाहते, उचललेला पाय खाली टेकवते आणि त्यांच्याबरोबर बांधावरून परत फिरते. दोघे बाभळीच्या पलीकडे गेल्यावर काही वेळाने त्याच गवतातून दोन सुरांची धातूसारखी शीळ येते, आणि ओढ्यापलीकडून दुसरा लावा तिला उत्तर देतो.