पिशवीखालची आग

नमस्कार, श्रोतेहो. आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर स्टोमा, म्हणजे मल बाहेर यायला पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, आणि त्यावर मलाची पिशवी असलेली माणसं आमच्याकडे येतात, तेव्हा तक्रार बहुधा ठरलेली असते. "सिस्टर, पिशवीखाली नुसती आग होतेय." सोबतचं कुणीतरी लगेच म्हणतं, "चालायचंच. सवय होईल."

चालायचं नाही! स्टोमा लालभडक, ओलसर असतोच, त्याला हात लावला तरी दुखत नाही. पण भोवतालची कातडी पोटाच्या बाकीच्या कातडीसारखीच दिसायला हवी.

आग होते ती बहुतेकदा गळतीमुळे. स्टोमा लहान आतड्याचा असेल, म्हणजे इलिऑस्टॉमी, तर मल पातळ असतो आणि त्यात पाचक रस असतात. ते कातडीही सोलून काढतात. म्हणून पिशवी बदलताना जुनी चकती, म्हणजे पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग, लगेच टाकू नका. उलटी करून उजेडात धरा. जिथे ती विरघळून फुगलेली, आत मल शिरलेला दिसेल, बरोबर तिथेच कातडी लाल सापडेल.

मग स्टोमा मोजा. ऑपरेशननंतर 6 ते 8 आठवडे तो आक्रसत जातो आणि आपण मात्र पहिल्याच मापाने चकतीचं भोक कापत राहतो. कडेने 2-3 मिलिमीटर मोकळं पुरे, जास्त फट नको.

धुवायला साधं कोमट पाणी. खोबरेल तेल, हळद, साय यातलं काही नको, तेलकट कातडीवर चकती धरतच नाही. कातडी टिपून कोरडी करा. ओलसर सोलवटलं असेल तिथे चिमूटभर स्टोमा पावडर भुरभुरवा आणि जास्तीची झटकून टाका.

पिशव्या महाग पडतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून गळकी पिशवी चिकटपट्टी लावून लोक ओढत राहतात. पण मल आत कातडीवरच अडकतो आणि औषधांचा खर्च वाढतो तो वेगळाच. त्यापेक्षा पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करा. वजन कमी, ओढही कमी.

खाज सुटत असेल, लालीच्या कडेला बारीक पुटकुळ्या असतील, तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. आणि स्टोमा काळा-जांभळा पडला, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

येताना ती काढलेली चकती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा. लाजू नका, आमचं ते रोजचंच काम आहे.