लोकसंख्या शून्य, तरीही गावाला मेयर: फ्लरीची कहाणी

नमस्कार. आपल्या महसुली दप्तरात काही गावांच्या नावापुढे ‘बेचिराख’ असा शेरा आढळतो. गावाचे नाव आणि शिवार कायम असते, पण तेथे दिवा लावणारे कोणी उरलेले नसते. ईशान्य फ्रान्समधील व्हर्दाँ शहराजवळचे फ्लरी-दव्हाँ-दूओमाँ हे असेच एक गाव आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वी शेतीवर आणि लाकूडकामावर जगणारी सुमारे चारशे माणसे येथे राहत होती. २१ फेब्रुवारी १९१६ रोजी जर्मन सैन्याने व्हर्दाँवर हल्ला चढवला आणि गाव रिकामे करण्यात आले. दूओमाँचा किल्ला चारच दिवसांत पडला, जूनच्या सुरुवातीस व्होचा किल्लाही गेला, आणि मग व्हर्दाँच्या वाटेवरच्या टेकडीवर वसलेले फ्लरी थेट तोफांच्या तोंडी आले. २३ जूनच्या चढाईआधी जर्मनांनी येथे डायफॉस्जीन या विषारी वायूचे गोळे डागले. त्यानंतर ऑगस्टपर्यंत हे गाव सोळा वेळा या हातातून त्या हातात गेले, असे सांगितले जाते. १८ ऑगस्टला फ्रेंचांनी ते कायमचे परत मिळवले, तेव्हा मिळवण्यासारखी एक भिंतही उभी नव्हती.

युद्ध संपले, तरी गावकऱ्यांना परतता आले नाही. न फुटलेले तोफगोळे, विषारी रसायने आणि हजारो मृतदेह यांनी भरलेली ही जमीन ‘लाल पट्टा’ म्हणून घोषित झाली आणि पुढे तिच्यावर जंगल लावण्यात आले. व्हर्दाँच्या परिसरातील अशी नऊ गावे ‘फ्रान्ससाठी मरण पावलेली’ म्हणून ओळखली जातात. त्यांपैकी फ्लरीसह सहा गावांत आजही एकही रहिवासी नाही, मतदार नाहीत म्हणून निवडणूक नाही. तरीही शासनाचा जिल्हाप्रमुख तेथे मेयर नेमतो. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण गावाचे नाव नकाशावरून पुसले असते, तर त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार असलेले कोणीच उरले नसते.

आज तेथे गेल्यास झाडांखाली जमीन लाटांसारखी वरखाली झालेली दिसते. त्या लाटा म्हणजे तोफगोळ्यांचे खड्डे आहेत, आता गवताने झाकलेले. जुन्या गल्ल्यांच्या जागी पायवाटा आहेत आणि त्यांच्या कडेला लहान खुणा रोवल्या आहेत: येथे पाववाल्याचे दुकान होते, येथे शाळा होती, येथे अमुक शेतकऱ्याचे घर होते. चर्चच्या जागी एक छोटे प्रार्थनामंदिर आहे, आणि जेथे रेल्वे स्थानक होते, तेथे १९६७ पासून व्हर्दाँचे युद्धसंग्रहालय उभे आहे.

ही जमीन अजून पुरती रिकामी झालेली नाही. २०१३ मध्ये, म्हणजे लढाईला सत्त्याण्णव वर्षे उलटल्यावर, येथील एका घराच्या तळघराच्या जागी सव्वीस फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. त्यांपैकी सात जणांची ओळख पटली.