वेणीचा शेंडा

श्रोतेहो, नमस्कार. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली उतरू लागतो, हवा कोरडी पडते, आणि ओठ नि टाचा फुटण्याच्या त्या दिवसांत केसांच्या शेंड्यांनाही फाटे फुटतात. कुरळ्या केसांत ते वळणांमध्ये लपून जातात. लांब, सरळ केसांत मात्र खालची चार बोटे केरसुणीसारखी पिंजारलेली लगेच नजरेत भरतात. त्या चार बोटांविषयीच आज बोलायचे आहे.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. या हिशेबाने ७५ सेंटिमीटर लांबीच्या केसाचा शेंडा पाच वर्षांचा असतो; आपल्या गावचे पाच हिवाळे, पाच उन्हाळे आणि शेकडो वेळा केलेले विंचरणे त्याने सोसलेले असते. केसावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले, शेंड्याकडे उतरते असे सूक्ष्म खवले असतात. ते चपटे बसले की केस गुळगुळीत लागतो. झिजून उडाले की आतले तंतू उघडे पडतात आणि केस उभा चिरतो. केसाचा हा धागा निर्जीव असल्यामुळे तो जखमेसारखा भरून येत नाही, आणि बाटलीवर काहीही छापलेले असले तरी फाटलेला शेंडा कायमचा सांधणारे औषध नाही.

म्हणून सारा भर झीज कमी करण्यावर हवा, आणि माझ्या मते त्यात विंचरण्याइतके महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. माझी आई केस विंचरायला बसवी तेव्हा वेणीचा खालचा वीतभर भाग डाव्या मुठीत घट्ट धरी, मुठीखालचा गुंता मोठ्या दातांच्या फणीने आधी मोकळा करी आणि मगच मूठ चार बोटे वर सरकवी. मूठ आवळलेली असल्याने मुळांना ओढ बसत नसे. घाईत आपण टाळूपासून एकदम खाली फणी ओढतो, त्यामुळे वरचा सगळा गुंता शेंड्यापाशी येऊन गच्च बसतो आणि तिथेच केस तटकन तुटतो. ओला केस अधिक ताणला जातो नि लवकर तुटतो, तेव्हा न्हाल्याबरोबर फणी लावू नये. टॉवेलने खसाखसा चोळण्याऐवजी जुन्या सुती पंचात केस दाबून पाणी टिपावे.

न्हाण्याच्या आदल्या रात्री शेंड्यांना थोडे खोबरेल तेल लावावे. हे तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची हानी कमी करते. टाळूचे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज उतरते खरे, पण कमरेपर्यंत ते क्वचितच पोहोचते. शाम्पू टाळूलाच चोळावा, शेंड्यांना वरून ओघळणारा फेस पुरतो. कंडिशनर मात्र शेंड्यांनाच लावावा.

गंगापूर रोडने स्कूटरवर जाणाऱ्या मुलींच्या हेल्मेटखाली मोकळे केस भुरभुरताना दिसले की मला त्या शेंड्यांची काळजी वाटते. सैल वेणी घालून ती ओढणीखाली किंवा जर्किनच्या आत घेतली, तर घरी पोहोचल्यावर गाठी सोडवाव्या लागत नाहीत.

एवढे करूनही दोन-तीन महिन्यांनी सेंटिमीटरभर केस कापावेच लागतात, कारण फाटा तसाच राहू दिला तर तो वर चढत जातो. कात्री धारदार आणि फक्त केसांसाठी राखलेली असावी. कागद कापून बोथट झालेली कात्री केस चेचते, आणि चेचलेल्या टोकाला काही दिवसांतच पुन्हा फाटा फुटतो.