खेळाडू समालोचनाला बसतो तेव्हा

मित्रहो, निवृत्त फुटबॉलपटूला माइकपुढे बसवतात ते बहुतेक वेळा त्याच्या नावामुळे. पण नावाचं कौतुक फार दिवस पुरत नाही. टिकतो तो, ज्याला ‘असं का झालं’ हे मोजक्या सेकंदांत सांगता येतं. आज मी बोलणार आहे ते या सेकंदांबद्दलच.

चेंडू खेळात असतो तोवर मुख्य समालोचक बोलतो. चेंडू बाहेर गेला, रिप्ले सुरू झाला, की सहसमालोचकाची, म्हणजे शेजारी बसलेल्या माजी खेळाडूची पाळी. हाती असतात आठ-दहा सेकंद, म्हणजे वीसेक शब्द. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन डावपेचांच्या मध्ये 40 सेकंदांचं घड्याळ चालतं. तिथला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा खेळाडू, टोनी रोमो 2017 मध्ये खेळ सोडून थेट सीबीएस या अमेरिकन वाहिनीच्या समालोचन कक्षात आला आणि पुढचा डाव काय असेल ते आधीच सांगू लागला. त्यामागे त्याची जाण तर होतीच, पण तेवढी उसंतही होती. आपल्या फुटबॉलमध्ये ती नाही. चेंडू पेनल्टी क्षेत्राकडे निघाला की अर्धं वाक्य तिथेच सोडून गप्प बसायचं. खेळाडूंना हे फार जड जातं, कारण मुद्दा पुरा करायची ओढ असते.

एक गोल घ्या. डावीकडून क्रॉस आला, स्ट्रायकरने हेडर मारला. नवखा सहसमालोचक म्हणतो, ‘काय सुंदर हेडर! मार्किंग चुकलं.’ हे प्रेक्षकालाही दिसलंच की. आता सात-आठ सेकंद मागे जा. राइट-बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, पुढे सरकलाय, कारण त्याच्यापुढच्या विंगरने, म्हणजे कडेने खेळणाऱ्याने, प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग सोडलाय. ती मोकळी जागा भरायला सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, बाहेर ओढला गेला आणि स्ट्रायकरपाशी एकटा लेफ्ट-बॅक उरला. म्हणजे चूक विंगरची, आणि तो रिप्लेच्या चौकटीत नाहीच! मैदानावर वर्षं घालवलेल्याला हे दिसतं. वाक्य इतकंच हवं : ‘विंगर परतला नाही, म्हणून सेंटर-बॅकला जागा सोडावी लागली.’

मध्यंतर 15 मिनिटांचं असतं, पण जाहिराती आणि निवेदन वजा जाता स्टुडिओतल्या विश्लेषकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. त्यात दोन क्लिप धड बसतात. तिसरी घुसवली की तिन्ही अर्धवट राहतात. म्हणून सामना चालू असतानाच मिनिट आणि जागा टिपून ठेवायची आणि मध्यंतराआधीच क्लिप कापणाऱ्याला कळवायची. चित्र थांबवायचं ते पास पायातून सुटतो त्या क्षणी, गोल होतो त्या क्षणी नव्हे. मँचेस्टर युनायटेडचा बचावपटू गॅरी नेव्हिल 2011 मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी स्काय या ब्रिटिश वाहिनीवर मोठ्या टचस्क्रीनपुढे उभा राहिला. बचावफळीतलं एकेकाचं अंतर तो दाखवत असे, ते अशाच थांबवलेल्या चित्रावर.

कानातल्या आवाजाची सवय वेगळी करावी लागते. टॉकबॅक, म्हणजे नियंत्रण कक्षातून कानात येणारा आवाज, उघडा असेल तर दिग्दर्शक कॅमेरामनना देत असलेल्या सूचना, उलटी मोजणी, सगळं तुमच्या वाक्यावर आदळत राहतं. लक्ष तिकडे गेलं की जीभ अडखळते. सुरुवातीला फक्त तुमच्यासाठीच्या सूचना ऐकू येतील अशी जोडणी मागून घ्या. त्यात कमीपणा नाही. खोकला आला तर माइक तात्पुरता बंद करायचं बटण असतं, ते अंधारातही बोटाला सापडायला हवं.

नियमांबाबत मात्र मी कडक आहे. ते दरवर्षी बदलतात आणि माजी खेळाडू स्वतःच्या काळातले नियम सांगत बसतो. 2019 पासून गोल-किकचा, म्हणजे गोलजवळून खेळ पुन्हा सुरू करणाऱ्या किकचा, चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याआधीच सहकाऱ्याला घेता येतो. गोलकीपर शेजारच्या बचावपटूला छोटा पास देतो, प्रतिस्पर्धी धावून येतात आणि मधली फळी मोकळी होते. हे ठाऊक नसलेला माणूस म्हणतो, ‘उगाच धोका पत्करला.’ प्रेक्षकाला चुकीचं शिकवणं मला तरी अक्षम्य वाटतं.

जुन्या संघाबद्दल बोलताना ‘आम्ही’ तोंडात येतं, ते टाळा. जुन्या सहकाऱ्याची चूक असेल तर नाव घेऊन, कारणासह सांगा. त्याच्या हेतूबद्दल बोलू नका.

सरावासाठी एखाद्या जुन्या सामन्याचा आवाज बंद करा, दहा मिनिटं बोला आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. दुसऱ्या दिवशी चित्र न पाहता ऐका. जिथे नुसतं दिसणारं सांगितलं असेल त्या प्रत्येक वाक्यावर खूण करा आणि तेवढाच भाग पुन्हा बोला.