पुडक्यावरचं नाव

(अमळनेर तालुका. सकाळ. कापसाच्या शेतात वेचणी.)

दुसरी वेचणी चालू आहे. ओटीत कापूस भरत पुढे सरकणारी ही बाई उजाडायच्या आधीपासून शेतात आहे. तिचा मुलगा अमळनेरला कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. त्याचं नाव सांगायचं नाही आणि चेहरा दाखवायचा नाही, एवढीच त्याची अट होती. बाकी त्याने काही लपवलं नाही.

(मुलाचे हात. मोबाइलचा पडदा.)

या पडद्याकडे जरा नीट बघा. तेरा जागांचा क्रमांक आहे. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पुन्हा दोन अक्षरं. परदेशातून टपालाने येणाऱ्या पार्सलला असाच क्रमांक असतो, आणि शेवटच्या दोन अक्षरांवरून ते कुठल्या देशातून निघालं ते कळतं. इथे ‘सीएन’ आहे, म्हणजे चीन. खाली एकेक ओळ वाढत गेलेली दिसते. पार्सल घेतलं, विमानात चढलं, मुंबईत उतरलं. त्यानंतरची ओळ अकरा दिवस हलली नाही. कस्टमने रोखून ठेवलंय.

आत होता व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. एक पॉड किट, म्हणजे ओढायचं यंत्र, चार कॉइल, लिक्विडच्या दोन बाटल्या. यंत्र बॅटरीवर चालतं, आतली तार, म्हणजे कॉइल, तापते, लिक्विडची वाफ होते आणि ती ओढायची. पैसे मित्राच्या कार्डावरून भरले होते, साडेसात हजार. घरच्या हिशोबात सांगायचं तर एक क्विंटल कापूस, तोही भाव बरा लागला तर.

मित्र म्हणाले होते, ‘फार तर कस्टम ड्युटी लागेल. भरली की सुटतं.’

हेच वाक्य आम्हाला धुळ्यात कॉलेजच्या फाटकावर ऐकू आलं, जळगावात ऐकू आलं, नंदुरबारच्या बसस्टँडवरही. म्हणून कॅमेरा घेऊन इतकं फिरलो.

(कायद्याचं छापील पान. चौथ्या कलमावर बोट.)

ड्युटी भरून सुटते ती आणायला परवानगी असलेली वस्तू. व्हेपला परवानगीच नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. हे त्याचं चौथं कलम. बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, सगळं बंद. आणि बोटाखालचे शब्द वाचा: अख्खी वस्तू असो वा तिचा कोणताही भाग. मुलाला वाटलं होतं, किट अडकलं तर पुढच्या वेळी नुसत्या कॉइल मागवू, लिक्विड भरायचा टँक वेगळा मागवू. सुटे भागही याच कलमात येतात. लिक्विडमध्ये निकोटीन नाही असं बाटलीवर लिहिलं असलं तरी यंत्र सुटत नाही, कारण व्याख्येतच ‘निकोटीन असो वा नसो’ असं म्हटलंय.

(मुंबई. बॅलार्ड इस्टेट. विदेश डाक भवन, रस्त्यावरून.)

ही दगडी इमारतींची गल्ली म्हणजे बॅलार्ड इस्टेट आणि समोर विदेश डाक भवन. जळगावहून रेल्वेने सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. परदेशी टपाल कस्टमच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. पार्सलवर पाठवणाऱ्याने भरलेलं एक घोषणापत्र चिकटवलेलं असतं. किंमत कमी असेल तर लहान चिठ्ठी, जास्त असेल तर मोठा फॉर्म. आत काय आहे, वजन किती, किंमत किती, हे त्यात लिहायचं असतं. या पार्सलवर ‘इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरीज’ लिहिलं होतं आणि किंमत दाखवली होती खऱ्या किमतीच्या चौथ्या हिश्शाची. हे लिहिलं दुकानदाराने. मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. पण एक्स-रे यंत्राखाली बॅटरी, तारेचं वेटोळं आणि द्रवाच्या बाटल्या वेगवेगळ्या दिसतात. चुकीचं वर्णन हेही जप्तीचं आणखी एक कारण ठरतं.

(घोषणापत्राचा फोटो, मोठा करून. पत्ता झाकलेला.)

इथे थांबून बघा. पुडक्यावर गाव आहे, तालुका आहे, पिनकोड आहे, मोबाइल नंबर आहे. मुलाचं पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट. विकणाऱ्याच्या जागी एका गोदामाचा क्रमांक आणि न वाचता येणारी सही. भारतात हे चालत नाही, हे त्या दुकानाला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर ‘साध्या खोक्यात पाठवू, बाहेरून कळणार नाही’ असं त्यांनी जाहिरातीत कशाला लिहिलं असतं? पैसे घेतले आणि जोखीम या पोराच्या नावावर चिकटवून दिली. आम्हाला राग आहे तो याचा.

(जळगाव स्टेशन. रात्र. फलाटावर टपालाच्या थैल्या.)

थैल्या उतरताहेत. पार्सल याच वाटेने यायचं होतं.

(गावातली गल्ली. पोस्टमन सायकलवरून.)

आलं पत्र.

पोस्टमन गावातलेच, सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात. जिभाऊंनी ओट्यावर बसून पत्र उघडून दाखवलं, कारण आईला वाटलं बँकेचं असेल. तिने विचारलं, “जिभाऊ, हाई काय शे?” जिभाऊ बराच वेळ वाचत राहिले.

(आईचा चेहरा. निवेदन नाही.)

पत्रात वस्तूचं वर्णन होतं, आयातीला बंदी असल्याचं लिहिलं होतं आणि म्हणणं मांडायला मुदत दिली होती. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं १२४ वं कलम सांगतं की जप्ती किंवा दंडाचा हुकूम काढण्याआधी माणसाला कारण कळवायला हवं आणि त्याला बोलण्याची संधी द्यायला हवी. म्हणून पत्र आलं की फाडून टाकायचं नाही, घाबरून दडवायचं नाही. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यायचं. काय मागवलं, कशासाठी, जे खरं असेल तेच. ‘माझं नाहीच’ असं लिहून द्या, असा सल्ला देणारे गावात पुष्कळ भेटले. अमळनेरच्या एका वकिलांनी दोन परिच्छेदांचं साधं उत्तर लिहून दिलं आणि फी घेतली नाही.

(मुलगा खाटेवर. हातात मोबाइल.)

पण त्याआधी एक फोन आला होता.

“कस्टम ऑफिसातून बोलतोय. पार्सल सोडवायचं तर बत्तीसशे रुपये या नंबरवर टाका. नाहीतर पोलीस येतील.” मुलाने टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, आता पाच हजार. तेव्हा कुठे त्याने मामाला सांगितलं.

कस्टमचे अधिकारी कुणाच्या खासगी नंबरवर पैसे मागत नाहीत. नोव्हेंबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर एक ओळख क्रमांक असतो, त्याला ‘डिन’ म्हणतात, आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. टपालाने आलेल्या एखाद्या वस्तूवर खरोखर कर लागलाच, तर तो पोस्ट वसूल करतं, जिभाऊंसारख्यांच्या हातून, पावती देऊन. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात. मामाने तिसऱ्या दिवशी केला.

(पळासनेर. मुंबई-आग्रा महामार्ग. ट्रकांची रांग.)

शिरपूरच्या पुढची ही मध्य प्रदेशची हद्द. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा बंद आहे आणि या रस्त्यावर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या खान्देशाला नव्या नाहीत. मुलगा आम्हाला म्हणाला, “तंबाखू चालते, बिडी चालते, मग हेच का नाही?” प्रश्न खरा आहे. आमचं उत्तर एवढंच की गुटख्याने तोंड उघडेनासं झालेली माणसं आम्ही याच तालुक्यात जेवताना बघितली आहेत. आंब्याच्या नि पुदिन्याच्या वासाचं निकोटीन आणखी टपालाने घरात यायला नको. वाफ असो नाहीतर धूर, निकोटीनची सवय लागते.

शिक्षेचंही सांगून टाकतो: आयात केली तर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.

(संध्याकाळ. घर. आई पत्र्याची पेटी उघडते.)

मुलाचं उत्तर पोस्टाने गेलंय. पार्सल परत मिळणार नाही, साडेसात हजारही नाहीत.

पत्राची एक प्रत आईने मागून घेतली. तिला वाचता येत नाही. पेटीत सातबाऱ्याचे उतारे आहेत, सोसायटीच्या कर्जाचं पासबुक आहे, पीकविम्याच्या पावत्या आहेत. सगळ्यांत खाली मुलाचं दहावीचं मार्कलिस्ट, प्लास्टिकच्या पिशवीत.

पत्र तिने त्या पिशवीत ठेवलं.

(पेटीचं झाकण. अंधार.)