पुरोचा वनवास

मंडळी, फाळणीची कादंबरी म्हणून आपण ‘पिंजर’ हातात घेतो आणि कितीतरी पानं उलटली तरी फाळणी येतच नाही. अमृता प्रीतम यांची ही पंजाबी कादंबरी १९५० साली आली, म्हणजे जखम ओली होती. तरीही नायिकेचं, पुरो या हिंदू मुलीचं, अपहरण दंगलीत होत नाही. ते त्याच्या बरीच वर्षं आधी, दोन घराण्यांच्या जुन्या वैरातून होतं. पुरोच्या चुलत्यानं रशीद या मुसलमान तरुणाच्या आत्याला पळवलेलं असतं, त्याचा सूड म्हणून रशीद पुरोला पळवतो. मला ही निवड फार मोलाची वाटते. दंगल असती, तर सगळं खापर त्या पिसाट दिवसांवर फोडून आपण मोकळे झालो असतो.

पुरो एका रात्री निसटते आणि पायी आपलं घर गाठते. आईवडील रडतात, आणि तिला परत पाठवतात. वनवास सुरू होतो तो इथं, ओळखीच्या उंबऱ्यावर. सीमारेषा अजून कुणी आखलेलीही नाही. पुढं रशीदशी निकाह होतो, हातावर ‘हमीदा’ हे नाव गोंदलं जातं. दिवसा ती हमीदा असते, रात्री स्वप्नात पुरो.

गावात एक वेडी बाई येते. ती गरोदर राहते. कुणापासून, हे कुणी विचारत नाही. ती मरते, मूल हमीदा स्वतःच्या अंगावर पाजून वाढवते. मग गावातल्या हिंदूंना आठवतं की आई हिंदू होती, आणि मूल काढून नेलं जातं. ते मरायला टेकल्यावर मात्र तिच्याच ओटीत आणून टाकतात. कादंबरीतला हा भाग मला शेवटाहूनही जबर वाटतो.

मग १९४७. पुरोची भावजय लाजो पळवली जाते, आणि तिला सोडवते हमीदाच, रशीदच्या मदतीनं. आता भाऊ पुरोलाही म्हणतो, चल. एकेकाळी आड आलेला धर्म एकाएकी सैल झालेला असतो, कारण अशा मुली आता घरोघरच्या असतात. इकडे भारतात १९४९ साली अपहृत स्त्रियांसाठी कायदा झाला. १ मार्च १९४७ नंतर घरच्यांपासून तुटून दुसऱ्याच्या घरात सापडलेली मुसलमान स्त्री त्यात ‘अपहृत’ ठरे. तिला जायचं आहे का, हे विचारण्याची तरतूद त्यात नव्हती. पुरोपुढं निदान प्रश्न तरी येतो. ती थांबते, रशीद आणि आपला मुलगा जावेद यांच्याजवळ.

यावर वाद घालायचाच तर रशीदवरून घाला. लेखिकेनं त्याला पश्चात्तापी, प्रेमळ केलं, म्हणून पुरोचं थांबणं आपल्या पचनी पडतं. तिथं मला कादंबरी थोडी सोपी झालेली वाटते. रशीद वाईटच राहिला असता, तर पुरोनं जावेदला सोडून भावाबरोबर जावं, असं आपण म्हटलं असतं का?